मिरीच्या गोदामात जगाची कला: बिएनाले छोट्या शहरांत का येऊ लागल्या

फोर्ट कोचीतल्या जुन्या गोदामांमध्ये १२ डिसेंबर २०२५ ला कोची-मुझिरिस बिएनाले या मोठ्या कलाप्रदर्शनाचं सहावं पर्व सुरू झालं. मुदत ३१ मार्च २०२६ पर्यंतची. त्यापाठोपाठ ९ मे २०२६ ही व्हेनिसच्या ६१व्या बिएनालेची तारीख. अशा बातम्या आपल्याकडे आतल्या पानावर येतात. सोबतच्या फोटोत छताला लटकलेली पोती दिसतात, नाहीतर रिकाम्या खोलीत मातीचा ढीग. खाली ओळ असते, आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शन. वाचणारा गोंधळतो आणि पान उलटतो.

हा गोंधळ दूर व्हावा असं मला मनापासून वाटतं, आणि त्याला सोलापूरचं कारण आहे. गेल्या चाळीस वर्षांत ही प्रदर्शनं जिथे जिथे गेली, त्या गावांची नावं वाचत गेलं की आपल्या ओळखीचं काहीतरी सापडत जातं. बंद पडलेल्या कारखान्यांची शहरं, राजधानीपासून लांबची शहरं, गोळीबाराची आठवण सांभाळून ठेवलेली शहरं.

## देऊळ, जत्रा आणि बाजार

संग्रहालय, बिएनाले आणि आर्ट फेअर या तीन गोष्टी आपण एकाच पोत्यात घालतो. सोलापूरकराला त्यांच्यातला फरक चटकन कळेल. सिद्धरामेश्वराचं देऊळ बारा महिने जागेवर असतं, तसं संग्रहालय. संक्रांतीला होम मैदानावर गड्डा भरतो, नंदीध्वज शहरभर फिरतात, माणसं गावोगावहून येतात आणि ठरलेल्या दिवसांनी सगळं उठतं, तशी बिएनाले. आणि आठवडी बाजारात माल विकायलाच मांडलेला असतो, तसा आर्ट फेअर. दिल्लीत २००८ पासून भरणारा इंडिया आर्ट फेअर हा असा बाजार.

बिएनाले दर दोन वर्षांनी भरते. दर तीन वर्षांनी भरणारी ती ट्रिएनाले. जर्मनीतल्या कासेल गावी भरणारं डॉक्युमेंटा दर पाच वर्षांनी येतं आणि शंभर दिवस चालतं. इथे चित्रांवर किमतीच्या चिठ्ठ्या नसतात. याचा अर्थ पैशाचा संबंधच नसतो असा नव्हे. बिएनालेत दिसलेल्या कलावंताचा भाव नंतर बाजारात वाढतो, म्हणून बऱ्याचदा त्याची गॅलरीच खर्चाचा वाटा उचलते. हे लक्षात ठेवून पाहिलेलं बरं.

आणखी एक शब्द सारखा कानावर येतो, क्युरेटर. प्रदर्शनाचा विषय ठरवणं, कलावंत निवडणं, कोणतं काम कुठल्या खोलीत नि कशाशेजारी ठेवायचं हे पाहणं, ही त्या माणसाची जबाबदारी. कोचीत ही जबाबदारी दर वेळी एखाद्या कलावंताकडेच देतात. सहाव्या पर्वासाठी ती गोव्यात काम करणाऱ्या निखिल चोप्रा आणि त्यांच्या साथीदारांकडे होती.

## व्हेनिसपासून साओ पाउलोपर्यंत

पहिली बिएनाले १८९५ सालची, व्हेनिसची. तिथल्या बागेत देशोदेशींची स्वतःची दालनं आहेत. पहिलं दालन १९०७ मध्ये बेल्जियमनं बांधलं. ज्या देशांना लवकर जागा मिळाली ते बागेत, बाकीचे शहरात भाड्याच्या घरात. भारताचं पहिलं अधिकृत राष्ट्रीय दालन उभं राहायला २०११ साल उजाडलं. कलेच्या जगात मध्य कुठे नि कड कुठे, हे या बागेच्या नकाशावर अक्षरशः दिसायचं.

त्या नकाशाला पहिला मोठा धक्का १९५१ मध्ये ब्राझीलमधल्या साओ पाउलोनं दिला. चिचिलो मातारात्सो नावाच्या उद्योगपतीनं तिथे बिएनाले सुरू केली आणि दुसऱ्याच पर्वात, १९५३ मध्ये, पिकासोचं ‘गेर्निका’ हे प्रसिद्ध चित्र समुद्र ओलांडून तिथे आलं. याच साओ पाउलोत १९७१ मध्ये पिकासोबरोबर खास निमंत्रित म्हणून बोलावलेला एक चित्रकार आपल्या जिल्ह्यात, पंढरपुरात जन्मलेला होता. मकबूल फिदा हुसेन.

कासेलची कथा वेगळी. महायुद्धात बॉम्बहल्ल्यांनी उद्ध्वस्त झालेलं, पूर्व जर्मनीच्या सीमेजवळ येऊन पडलेलं हे शहर. अर्नोल्ड बोडे या तिथल्याच चित्रकार-शिक्षकानं १९५५ मध्ये पडझड झालेल्या संग्रहालयाच्या इमारतीत डॉक्युमेंटा भरवलं. हिटलरच्या राजवटीनं जी आधुनिक कला ‘भ्रष्ट’ ठरवली होती, ती पुन्हा लोकांसमोर आणायची होती. आज कासेलची वस्ती दोन लाखांच्या आसपास. २०१७ मध्ये तिथे आठ लाख ९० हजारांहून जास्त प्रेक्षक आले.

दिल्लीत ललित कला अकादमीनं १९६८ मध्ये त्रैवार्षिक प्रदर्शन सुरू केलं. हवानानं १९८४ मध्ये लॅटिन अमेरिकेच्या आणि १९८६ पासून आशिया, आफ्रिकेच्याही कलावंतांना मध्यभागी आणलं. मग इस्तंबूल, डकार, शारजा, ग्वांगजू, पुढे कराची, लाहोर, काठमांडू, काँगोमधलं लुबुम्बाशी. भारतात कोचीनंतर पाटण्याच्या बिहार म्युझियमनं २०२१ मध्ये, तर शांतिनिकेतन आणि कोलकात्यानं मिळून २०२४ मध्ये बिएनाले भरवली.

## चित्र हलत नव्हतं, आता कलावंत हलतो

हा पसारा नेमका गेल्या चाळीस वर्षांतच का वाढला? राजकारण बदललं, विमानाची तिकिटं स्वस्त झाली, शहरांना आपलं नाव जगात झळकावंसं वाटू लागलं. ही कारणं खरीच. पण त्याहून महत्त्वाचं कारण कामाच्या पद्धतीत आहे आणि त्याकडे फारसं कोणी लक्ष देत नाही.

जुनं तैलचित्र परगावी न्यायचं म्हणजे केवढा खटाटोप. खास लाकडी पेटी, विमा, कस्टम्सची कागदपत्रं, सोबत संग्रहालयाचा माणूस. पोचल्यावर खोलीचं तापमान नि हवेतली आर्द्रता रात्रंदिवस ठरावीक मर्यादेत ठेवायची हमी द्यावी लागते, नाहीतर चित्र मिळतच नाही. मेमध्ये ४२-४३ अंशांवर जाणाऱ्या सोलापुरात असं दालन बांधायचं आणि चालवायचं तर किती पैसे लागतील याचा अंदाज करा. ज्या शहराकडे श्रीमंत संग्रहालय नाही, त्याला हे दार बंदच होतं.

गेल्या पन्नास-साठ वर्षांत कलावंत वेगळ्या रीतीनं काम करू लागले. गावात यायचं, महिना-दोन महिने राहायचं, तिथल्याच वस्तू आणि तिथल्याच कारागिरांना घेऊन त्या जागेसाठीच काहीतरी घडवायचं. अशा कामाला जागाबद्ध कला म्हणू. तिला एसी लागत नाही, पेटी लागत नाही. गळकं छत आणि सोललेला गिलावाही त्या कामाचा भाग होऊ शकतो. रिकामं गोदाम एकाएकी अडचणीचं न राहता उपयोगाचं झालं ते यामुळे.

घानाचा इब्राहिम महामा याचं काम पाहा. कोको आणि कोळसा वाहून फाटलेली ज्यूटची पोती तो बाजारातून गोळा करतो, माणसं लावून ती एकमेकांना शिवून घेतो आणि त्यांनी अख्ख्या इमारती झाकतो. पोत्यांवर व्यापाऱ्यांचे शिक्के, हमालांच्या घामाचे डाग, ठिगळं, सगळं तसंच. माल कुठून निघाला, कोणाच्या पाठीवरून गेला आणि पैसे कोणाला मिळाले, हा त्या शिवणीचा विषय. सोलापूरच्या मार्केट यार्डात कांद्याच्या हंगामात पोत्यांच्या थप्प्या पाहिलेल्या माणसाला हे काम समजायला कुठल्या पुस्तकाची गरज नाही. डॉक्युमेंटात कासेलच्या एका जुन्या इमारतीवर २०१७ मध्ये ही पोती चढली होती. या कामातून आलेल्या पैशांतून महामानं राजधानी अक्रा सोडून उत्तरेकडच्या तामाले या आपल्या गावी कलाकेंद्र उभारलं. २०२५ मध्ये ‘आर्टरिव्ह्यू’ या लंडनच्या मासिकानं कलाजगतातल्या प्रभावशाली व्यक्तींच्या वार्षिक यादीत त्याला पहिलं स्थान दिलं.

आपल्याकडचं उदाहरण प्रभाकर पाचपुते यांचं. चंद्रपूरच्या कोळसा खाणींच्या पट्ट्यातलं सास्ती हे त्यांचं गाव. ते कोळशानंच भिंतींवर खाणकामगार रेखाटतात. ती चित्रं साओ पाउलोपर्यंत गेली आणि २०२१ मध्ये वेल्समधल्या आर्टेस मुंडी पुरस्काराच्या मानकऱ्यांत त्यांचं नाव होतं.

## मे १९३० आणि मे १९८०

दक्षिण कोरियातल्या ग्वांगजू शहरात मे १९८० मध्ये लष्करी राजवटीविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले. सैन्यानं गोळ्या घातल्या, काही दिवस शहर नागरिकांच्या हातात राहिलं, मग ते चिरडलं गेलं. पुढे कित्येक वर्षं त्याबद्दल उघड बोलायची सोय नव्हती. १९९५ मध्ये याच शहरात आशियातल्या सर्वांत मोठ्या बिएनालेंपैकी एक सुरू झाली आणि पहिल्याच पर्वाला सोळा लाखांहून जास्त माणसं आली. २०१८ मध्ये तिथल्या बंद पडलेल्या लष्करी रुग्णालयाची इमारत कलावंतांसाठी उघडली. आंदोलनात पकडलेल्या, मारहाण झालेल्या लोकांना तिथेच आणलं जायचं.

आता मे १९३० चं सोलापूर आठवा. गांधीजींच्या अटकेनंतर गिरणी कामगार बाहेर पडले, ८ मेला गोळीबार झाला, काही दिवस इंग्रजांचा अंमल शहरावर राहिला नाही आणि १२ मेपासून मार्शल लॉ लागला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. चार हुतात्मा चौकातून आपण रोज जातो. पुतळ्यांना हार घालण्यापलीकडे त्या दिवसांचा नव्या पिढीशी काही संवाद होतो का? ग्वांगजूनं या प्रश्नाला जगभरच्या कलावंतांना बोलावून उत्तर दिलं. मला ते उत्तर फार मोलाचं वाटतं, कारण तिथे कला शहराच्या सर्वांत दुखऱ्या जागेत शिरली आणि शहरानं तिला शिरू दिलं.

## भाताच्या खाचरातली त्रैवार्षिकी

जपानमधल्या निइगाता प्रांताच्या डोंगरात एचिगो-त्सुमारी नावाचा भाग आहे. हिवाळ्यात माणसाहून उंच बर्फ, तरुण शहरात गेलेले, शाळा मुलांअभावी बंद, घरं ओस. फ्राम कितागावा यांनी २००० मध्ये इथे त्रैवार्षिक प्रदर्शन सुरू केलं. सुरुवातीला स्थानिक लोकप्रतिनिधींचा कडवा विरोध होता. पैसा रस्त्यांना द्या, हे बाहेरचे कलावंत कशाला? कितागावा गावोगाव बैठका घेत राहिले. जवळजवळ ७६० चौरस किलोमीटरच्या टापूत, खाचरांच्या बांधांवर, रिकाम्या घरांत आणि बंद शाळांत कामं उभी राहिली. म्हातारी माणसं स्वतःच्या गावातलं काम पाहुण्यांना समजावून सांगू लागली आणि जेवणंही रांधू लागली.

तोच प्रयोग २०१० पासून सेतो समुद्रातल्या बेटांवर चालू आहे. त्यातलं तेशिमा बेट बेकायदा टाकलेल्या औद्योगिक कचऱ्यामुळे बदनाम झालेलं, तर ओशिमा बेटावर कुष्ठरुग्णांना पिढ्यान्‌पिढ्या जगापासून तोडून ठेवलेलं. त्या बेटावर लोकांनी पाहुणे म्हणून जावं, तिथल्या वृद्ध रहिवाशांनी जपलेल्या वस्तू पाहाव्यात, हे एखाद्या सरकारी परिपत्रकानं झालं नसतं.

## कोचीनं काय जमवलं, कुठे ठेच लागली

बोस कृष्णम्माचारी आणि रियास कोमू हे दोघे मूळ केरळचे, पण शिकले मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात. त्यांनी १२ डिसेंबर २०१२ ला कोचीत सुरुवात केली. केरळ सरकारनं ५ कोटी रुपये दिले. खर्च त्याहून बराच वाढला आणि उरलेला भार कलावंत, दाते नि प्रायोजकांवर आला. मुख्य जागा होती अॅस्पिनवॉल हाउस, म्हणजे काथ्या, मिरी नि चहाचा व्यापार करणाऱ्या इंग्रज कंपनीची समुद्राकाठची जुनी वखार. पहिल्या पर्वाला सुमारे चार लाख प्रेक्षक आले. देशभरच्या कलामहाविद्यालयांतल्या मुलांसाठी वेगळी विद्यार्थी बिएनाले असते, आणि माझ्या मते तेच कोचीचं सर्वांत टिकाऊ काम आहे.

ठेचही लागली. २०२२ चं पर्व १२ डिसेंबरला उघडायचं होतं. ऐन वेळी ते २३ डिसेंबरवर गेलं. सामान बंदरात अडकलेलं, जागा ओल्या, विजेची सोय अपुरी. सहभागी कलावंतांनी आयोजकांना उघड पत्र लिहून नाराजी कळवली. पाहुण्यांना बोलावणं सोपं असतं; वेळेवर वीज, बिलं नि मजुरी देणारी यंत्रणा दोन पर्वांच्या मधल्या काळातही चालू ठेवणं अवघड.

## “आधी नळाला पाणी द्या”

हा आक्षेप सोलापुरात कोणीही घेईल आणि तो मला सर्वांत खरा वाटतो. उजनी धरण भरलेलं असूनही ज्या शहरात नळाला चार-चार दिवसांआड पाणी येतं, तिथल्या महापालिकेनं पाण्याचा एक रुपयाही प्रदर्शनाकडे वळवू नये. त्याची गरजही नाही. कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांना नफ्यातला काही भाग समाजासाठी खर्चावा लागतो आणि कला-वारसा जतन हा त्यातला मान्य विषय आहे. राज्याचा सांस्कृतिक निधी वेगळा, परदेशी कलावंतांसाठी त्यांच्या देशांच्या संस्था खर्च करतात तो वेगळा. जोहान्सबर्गचा धडा इथे उपयोगी आहे. तिथल्या बिएनालेचं १९९७ चं दुसरं पर्व गाजलं, पण शहराची तिजोरी खडखडाट झाली तेव्हा ते मुदतीआधी महिनाभर बंद केलं गेलं आणि तिसरं कधी झालंच नाही. एकट्या महापालिकेच्या खांद्यावर हे ओझं ठेवू नये.

## “हे आपल्याला कळणार नाही”

सगळं कळत नाही, क्युरेटरलाही नाही. आणि बिएनालेत दाखवलेलं सगळं चांगलं असतं असंही नाही. बरंच काही पोकळ असतं आणि ते तसं म्हणायची मुभा प्रेक्षकाला आहे. पण न कळण्याचा अर्धा दोष मांडणाऱ्याचा असतो. भिंतीवरच्या पाट्या इंग्रजीत आणि त्याही अवघड इंग्रजीत. सोलापुरात असं काही झालंच, तर पाट्या मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू या चारही भाषांत हव्यात आणि समजावून सांगायला इथलीच मुलं हवीत.

## “बाहेरचे येतील, वापरून जातील”

टीकाकार म्हणतात की ठरावीक शे-दोनशे कलावंत विमानानं जगभर फिरतात, म्हणून सगळ्या बिएनाले सारख्याच दिसतात. बऱ्याच ठिकाणी हे खरं आहे. भाडी वाढतात, जुन्या घरांची लॉज होतात, हेही होतं. कारागिराचा हात घेतात नि नाव मात्र कलावंताचं लागतं, हा मला सर्वांत मोठा धोका वाटतो. सोलापूरसाठी तर नक्कीच.

कारण सोलापूरकडे जे आहे ते हातातच आहे. पहिली गिरणी १८७७ ची. गिरण्या गेल्या, पण यंत्रमाग राहिले, तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची घरं राहिली. पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडून मागाला नक्षी सांगायची पद्धत फ्रान्सच्या जाकार्डनं १८०४ च्या सुमारास सुधारून पक्की केली. सोलापुरी चादरीवरची फुलं नि मोर त्याच्याच नावाच्या जेकार्डवर उतरतात. ग्राफ काढणारा, कार्ड पंच करणारा, बीम भरणारा, कांडी भरणारी बाई, अशी माणसांची साखळी एका चादरीमागे असते. हातमागावर हुबेहूब चेहरे विणणारे वॉल हँगिंगचे कारागीरही इथेच आहेत. स्वित्झर्लंडमधल्या लोझानमध्ये १९६२ ते १९९५ या काळात फक्त विणकामाची आंतरराष्ट्रीय बिएनाले भरायची, आणि तिनं भिंतीवरचं कापड कलेच्या पंगतीत आणून बसवलं. विणकाम हा बिएनालेचा विषय होऊ शकतो का, हा प्रश्न तिथे केव्हाच निकालात निघाला आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की सोलापुरात सुरुवात झालीच तर ती परदेशी पाहुण्यांच्या यादीनं होऊ नये. एखादा बंद पडलेला मागाचा कारखाना भाड्यानं घ्यावा. वर्षभर दोन-तीन कलावंतांनी तिथे विणकरांबरोबर काम करावं. विणकराला रोजंदारीऐवजी कलावंताच्या बरोबरीचं मानधन मिळावं आणि पाटीवर दोघांची नावं एकाच आकाराच्या अक्षरांत असावीत. हे करार आधी कागदावर व्हावेत. इमारतीचं उद्‌घाटन नंतर झालं तरी चालेल.

ज्यांना एकदा प्रत्यक्ष पाहायचं आहे त्यांच्यासाठी: पुणे-कन्याकुमारी गाडी सोलापूरवरून एर्नाकुलमला जाते, तिथल्या जेट्टीवरून फोर्ट कोचीला बोट मिळते. एखाद्या दालनात शिवलेलं, विणलेलं किंवा कोरलेलं काम दिसलं तर पाटी शेवटपर्यंत वाचा. ते कोणी विणलं हे लिहिलेलं नसेल, तर तिथे उभ्या असलेल्या स्वयंसेवकाला विचारा.